पाच किलोच्या आतलं

मानवतच्या जिनिंगला, वजनकाट्यावर माझी ड्युटी.
भरली गाडी वजा रिकामी गाडी,
मधला फरक म्हणजे कापूस.
दोन गाड्यांच्या मधे मी सुई काढते.

सुई रईसाभाभीच्या दुकानातली, जिथं फॉल, अस्तर, बटणं मिळतात.
तिनंच शिकवलं काउंटरवर :
चार साखळ्या घे, गोल जोड.
आता घरात सुई घाल, खांब उभा कर.
मी म्हटलं, घर आधी आन् खांब नंतर?
ती म्हणाली, लोकरीत असंच असतंय बाई.

पहिला चौकोन तीनच कोपऱ्यांचा झाला.
चौथा कुठं सांडला ते
केबिनमधे टॉर्च लावून हुडकलं.
मग उसवला.
उसवलेली लोकर कुरळीच राहते बराच वेळ,
लवकर विसरत नाही.

"काहून करायलीस गं हे?" मंगल म्हणाली.
खरंच, इकडं थंडी ती केवढी?
संक्रांतीच्या आगंमागं पंधरा दिवस, तीही पहाटं.
आन् कापसाच्या डोंगराला पाठ लावून
दुकानची नकली लोकर विणणारी बाई.
हमाल हसले. सरकीसुद्धा हसली असंल.

चौकोन सगळे एकसारखे यावेत म्हणे.
माझे येईनात.
पावतीवरनं लोढाशेठ ओरडले त्या दिवशीचा
मुठीसारखा आवळून बसलाय.
रविवारचा ऐसपैस, त्यातनं अंगठा जातो.
एकात पिवळ्याच्या मधेच जांभळा घुसलाय,
कारण पिवळा संपला
आन् परभणीची गाडी हुकली.
एकात गाठ आहे, दादाचा फोन आला होता तेव्हाची.
काय म्हणाला ते नाही सांगत.
गाठ आतल्या बाजूला आहे.

पाठीला बारा, पुढं सहा-सहा, बाह्यांना आठ-आठ.
चाळीस.
जुन्या मापात चाळीस शेरांचा मण व्हायचा,
माझा मण भरायला
दिवाळीपासून शिमगा लागला.

जोडायचं कशानं? तर मुक्या खांबानं.
भाभी म्हणाली, तो दिसत नाही फार, धरून ठेवतो.
मी दोन रात्री मुके खांब घातले,
नवरा म्हणाला, तू पण बोलंनास की.
मी आकडे मोजत होते.

शेवटची गाडी आली तेव्हा ऊन चाळिशीला टेकलेलं.
मी स्वेटर घालून काट्यावर बसलेली,
डावी बाही एक ओळ लांब, मनगटाच्या खाली आलेली.
नांदेडचा सतनामसिंग खिडकीत वाकला,
"ताई, ताप आलाय का?"
मी म्हटलं, नाही. आलंय ते पूर्ण झालंय म्हणून.
त्याला कळलं नाही, मलाही नीट सांगता येईना.

गाडी गेली. काटा मोकळा.
मी मधोमध जाऊन उभी राहिले.
बाहेरचा लाल आकडा पंचावन्न.
स्वेटर काढून पायरीवर ठेवला,
परत उभी राहिले. पंचावन्न.
पाचाच्या खालचं दिसतच नाही त्याला,
ट्रकांसाठीचा काटा तो.

तरी पावती काढली.
भरली पंचावन्न, रिकामी पंचावन्न,
फरकाच्या रकान्यात शून्य,
गाडी नंबर कोरा.
घडी घालून स्वेटरच्या खिशात ठेवायला गेले
तर खिसाच नाही केलेला.

एक चौकोन अजून लागंल.
जांभळा थोडा उरलाय.