दोष बोर्डात नव्हता

बेतूलच्या धक्क्यावरून वर वळलं की
तिसरं घर एतेल्वीनाबाईचं.
मशीन मागच्या व्हरांड्यात, तिथून साळ नदी दिसते,
आणि जिथून नदी दिसते तिथे पत्रा गंजतो,
तांब्याच्या रेघांवर हिरवं चढतं. हे मला पाठ.
म्हणून मार्चमध्ये मी नीट पाहिलंच नाही.
झाकण उघडलं, हिरवं दिसलं, म्हटलं, बोर्ड गेला.
सहा हजार आठशे.
तिने बिस्किटांच्या डब्यातून काढून दिले,
दोन नोटा ओलसर होत्या.

ती काहीतरी सांगत होती तेव्हा.
मी दातांत स्क्रू धरून हो हो करत होतो.

एप्रिलात फोन. मेमध्ये दोनदा.
मी जायचो सकाळी दहाला, आणि मशीन शहाण्या पोरासारखं
पाणी घ्यायचं, फिरायचं, पिळायचं, दार सोडायचं.
मी मोटारीचे ब्रश पाहिले. दाराचं कुलूप पाहिलं.
वायरींचं एकेक टोक चिमट्यात धरून ओढलं.
पंपातून निघालं कुणा पाहुण्याचं परकं नाणं,
ते तिने खिडकीत ठेवलं.
मीटर म्हणायचा, सगळं ठीक.
आणि संध्याकाळी पुन्हा तेच :
पडद्यावर दोन आडव्या रेघा,
काचेमागे साबणाचं पाणी
आणि दोन भाड्याच्या खोल्यांतल्या बुडालेल्या चादरी.
पाहुणे बारानंतर जातात. ती तरी सकाळी काय धुणार?

आम्ही शेट. सोनारकाम बापापर्यंत चाललं.
डाख द्यायला मी त्याच्या मांडीपाशी शिकलो,
फुंकणीने निळी जीभ वळवताना.
तुटलेला दागिना हातात आला की तो आधी
बाईला बोलू द्यायचा.
कधी तुटला, झोपताना काढता का,
विहिरीवर घालून जाता का.
भिंग त्यानंतर.
मला वाटायचं, ही गिऱ्हाईक राखायची रीत.

काल मी चारला पोचलो. मुद्दाम नव्हे,
असोळण्यात एका फ्रिजने वेळ खाल्ला.
मीटरची टोकं सॉकेटात. दोनशे एकतीस.
ड्रम पिळायला लागला.
खाली बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर घुमला,
ट्रॉलर यायची वेळ,
आणि आकडा घसरला : दोनशे दहा,
एकशे नव्वद,
एकशे अठ्ठावन्न.
वेदीवरच्या लाल दिव्याने मान टाकली.
रिले सुटला. टक्. दोन रेघा.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही, दिव्याकडे पाहिलं.
"हांवें तुका सांगिल्लें मरे, मार्सांत.
सायबिणीचो दिवो बारीक जाता, तेन्ना मशीन रावता."

जुना बोर्ड दुकानात फळीवर होता,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
रात्री बाकावर जोडला. ब्रशने स्पिरिट फिरवलं,
हिरवं निघून आलं. खाली रेघा शाबूत.
एकही डाख द्यावा लागला नाही.

आज तो परत बसवला, नवा काढला,
स्टॅबिलायझर भिंतीला ठोकला,
त्याचे वजा करून उरलेले टेबलावर ठेवले.
तिने मोजले. नोट नोट उलटून.
मग चहा दिला, बिनसाखरेचा.
विसरली की घातलीच नाही, मी विचारलं नाही.

चार वाजता कॉम्प्रेसर घुमला.
स्टॅबिलायझर आतल्या आत दोनदा टकटकला.
दिवा बारीक झाला.
ड्रम फिरत राहिला.

माझ्या वहीत त्याच ट्रान्सफॉर्मरवरची
आणखी तीन घरं आहेत,
तिन्हींपुढे माझ्याच अक्षरात : बोर्ड बदलला.
शेजारी एक रकाना आहे, गिऱ्हाईक काय म्हणालं त्याचा,
अर्ध्या ओळीचा.
तो कोराच.

स्कूटर मी तिच्या फाटकापाशीच ठेवली.
पहिलं घर चालत जाण्याइतकं जवळ आहे.