पूर्ण आदर राखून

निकाल उतरवून घेताना मी साहेबांच्या तोंडाकडे बघत नाही,
पेनाकडे बघतो.
टोपण लावून पुन्हा काढलं
की समजायचं, आज काहीतरी आहे.

नरसम्मा कोंड्याल. नीलम नगर, एक खोली,
एकतीस वर्षं मांडीवर सूप, सुपात विड्या.
कंपनीतर्फे वकील उंबरजे. त्यांनी वरच्या कोर्टाचा निवाडा ठेवला,
पिवळी चिठ्ठी लावून, परिच्छेद चौदा :
घरी बसून वळणारी ती कामगार नव्हे.
वरचा तो वरचा. मी मनात फाईल बांधूनही टाकली.

टोपण निघालं.
"त्या खटल्यात छाट कोण काढत होतं?"

उंबरजे पानं उलटत राहिले. पंखा त्यांना मदत करत होता, नको तितकी.
छाट म्हणजे : चेकर जुडी घेतो, अंगठ्यानं दाबतो,
दहा-वीस विड्या बाजूला भिरकावतो
आणि तेवढे पैसे कापतो.
निवाड्यात छाटेवर एक ओळ नव्हती.

"घ्या," साहेब म्हणाले. मी घेतलं :
सदर न्यायनिर्णयाबद्दल पूर्ण आदर राखून,
त्यातील वस्तुस्थिती प्रस्तुत प्रकरणाहून भिन्न आहे.

माझे वडील साखर पेठेत जेकार्डचे पुठ्ठे पाडायचे.
चादरीवरचा मोर पुठ्ठ्यातच ठरलेला,
मागाला स्वतःचं मत नसतं.
शेठला मान वेगळी हवी झाली
तर नवी साखळी कोण करणार?
वडील खळीचं बोट फिरवून
एका भोकावर कागदाची टिकली चिकटवायचे.
पुठ्ठे तेच. मोर दुसरीकडे बघायचा.

नरसम्मा बाहेर बाकावर होती. जिंकलीस, सांगितलं.
म्हणाली, "माझी छाट अख्ख्या कारखान्यात कमी. ते लिहिलं का?"
ते नव्हतं लिहिलं.

ऑगस्टात इरण्णा म्हेत्रे आला, उजव्या हाताला तीन बोटं.
त्याच्या वकिलानंही निवाडा आणलेला, अगदी मापाचा,
तोच माग, तोच पट्टा, बोटंसुद्धा तीच.
साहेबांनी टोपण लावलं. काढलं.
"त्या खटल्यात माग चालू होता की बंद?"

ते वाक्य मी आता टाइप करत नाही.
साठवून ठेवलंय. एक कळ दाबली की येतं,
आदरासकट.