शेऱ्याचा रकाना

धुळ्याहून निघालो तेव्हा फायलीत चाळीस जण होते.
दोंडाईच्याला उतरलो तर स्टँडवरच मिरचीचा ठसका.
पथारीवर लाल पसरलेलं,
बाया तोंड बांधून मिरची हलवत होत्या.

केंद्र वरच्या मजल्यावर, खाली खताचं दुकान.
पाटीवर योजनेचं नाव इतकं लांब
की भिंत संपल्यामुळे शेवटचे दोन शब्द
कोपऱ्यावरून वळून गल्लीत गेलेले.

चालक हेमराज बोरसे. आधी पाणी, मग चहा,
मग, ‘साहेब, भरीत सांगितलंय, जेवूनच जा.’
म्हटलं, आधी हजेरी.

हजेरीपटावर चाळीस ‘उ’,
एका हाताचे, एका दमात काढलेले.
उद्याचेही भरून ठेवलेले.

नावं पुकारली.
‘मगन भिल’ म्हटल्यावर दोघं उठले.
‘निंबा कोळी’ म्हटल्यावर कुणीच नाही,
मग एकाला शेजाऱ्याचं कोपर लागलं
आणि तो निंबा झाला.
पायात त्याच्या क्रिकेटचे बूट.

तेवढ्यात वारा फिरला,
खिडकीतून मिरची आत आली.
मी खोकलो. निंबा खोकला. दोन्ही मगन खोकले.
सगळ्यात जास्त बोरसे खोकले, डोळे पुसत म्हणाले,
‘आज जरा जास्तच आहे.’
पाच महिने इथं रोज बसणाऱ्यांना मिरची लागत नाही.
न खोकलेले मोजले.
अकरा.
पेन्सिलीनं लिहून घेतले.

अकरावी खिडकीखाली, पाण्याची मोटार उघडून बसलेली.
‘वैजंता गोयकर.’
तिनं मान वर केली नाही, फक्त एक बोट.
एकोणपन्नास, पन्नास, एक्कावन्न, बावन्न.
तांब्याची तार दातात धरून म्हणाली, ‘हजर.’
मग, माझ्या चेहऱ्याकडे बघून:
‘एक येढा कमी पडना ना साहेब, तं मोटर जयी जाई.’

घर ठेलाऱ्यांचं. बाप शिंदखेड्याच्या बाजूला मेंढरं घेऊन.
संध्याकाळी तोही मोजतो,
एक कमी भरलं तर कंदील घेऊन निघतो,
भाकर तशीच.

विद्यावेतन विचारलं.
तिनं पासबुक दिलं. खातं उघडल्याचे शंभर रुपये,
पुढची पानं कोरी, चिकटलेली.
माझ्या कागदावर तिच्या नावापुढे
पाचही महिने ‘वितरित’.

‘हे बंद झालं तर?’ मी म्हटलं. म्हणायला नको होतं.
‘परीक्षा पुढला महिनाले शे.
तवलोंग ऱ्हाऊ द्या.’
माझ्या आईची बोली. नोकरीत मी ती
फक्त फोनवर बोलतो, दार लावून.

भरीत खाल्लं नाही. एवढीच माझी बहादुरी.

परतीच्या गाडीत फॉर्म मांडीवर घेतला.
शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.
‘बंद करावे’ बसतं त्यात.
एकोणतीस भुतं जातात,
त्यांच्यासोबत अकरा जण.
‘समाधानकारक’ही बसतं, जरा दाबून लिहिलं तर.
मग भुतं जेवत राहतात, पाटी गल्लीत वाढत जाते.

नरडाण्यापर्यंत पेन उघडं धरून बसलो.
मग लिहिलं:
अकरा खरे. या अकरा जणांची परीक्षा आधी घ्यावी,
कुलूप नंतर लावावे.
पैसे निघालेले दिसतात, पोचलेले दिसत नाहीत.
वाटेत कुठे थांबले ते
मेंढरू शोधतात तसे शोधावे.

अक्षरं रकान्यातून निघाली,
समासात गेली, सही ओलांडून
कागदाच्या काठाला टेकली.

काल फाईल परत आली. वर चिठ्ठी:
‘शेरा रकान्याबाहेर गेला आहे.
एका शब्दात कळवावे.’

परीक्षेला नऊ दिवस.
टेबलावर फॉर्म नवा, रकाना तेवढाच.
तिकडे ती आता कितव्या वेढ्यावर असेल,
मधे बोलून चालणार नाही.