प्रगतीचा रकाना

जनता वसाहतीच्या एकशे बारा पायऱ्या.
रोज मोजते, रोज एखादी चुकते.
वर पोचलं की आधी दम खायचा,
मग दारातल्या फळीवर दोनदा पाय आपटायचा.
हादरा आत खाटेपर्यंत जातो.
कुंदाला कळतं, कुणीतरी आलं.

कोण आलं, ते मनगट सांगतं.
माझं घड्याळ वडिलांचं, जाड पट्ट्याचं.
ती पट्टा चाचपते, बक्कल उघडते, लावते, पुन्हा उघडते.
हेच माझं नाव.
आई म्हणजे लसूण,
हॉटेलांसाठी सोलून सोलून बोटांत मुरलेला.
बाप म्हणजे डिझेल,
आणि आठवड्यातून तीनदा आणखी एक वास.

सतरा वर्षांची आहे.
शेवंताबाईंना तिसरा महिना होता, अंगावर पुरळ आलं,
कुणीतरी म्हणालं, उष्णता असेल.
सब्जा प्यायल्या.
एवढंच सांगतात, आणि पुढची पाकळी सोलायला घेतात.

चमचा हातात दिला की जेवण.
पंचा दिला की आंघोळ.
चपलेचा तुटका अंगठा दिला की बाहेर,
कालव्यापर्यंत, जिथे वारा अंगावर येतो
आणि ती तोंड उघडून तो खाते.

मी हात तिच्या हाताखाली नेते.
वरून धरायचं नाही, हा आमचा पहिला धडा.
वरचा हात हुकूम असतो,
खालचा हात विचारतो.
चौदा महिने विचारते आहे.

मग बाणेरहून साहेब आले, देणगीदार.
भला माणूस. पायऱ्या चढून घामाघूम, तरी हसरा.
येताना टॅब आणला होता,
बोलणारा.
शेवंताबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला
आणि कपाटावर ठेवला, देवांच्या शेजारी.
कुणी काही बोललं नाही.

फोटोच्या वेळी त्यांनी तिचा पंजा वरून धरला,
टाटा करायला म्हणून हलवला.
ती ताठली.
हात ओढून घेतला,
आणि तळवा आडवा करून
छातीपासून दूर ढकलला. एकदा. पुन्हा एकदा, जोरात.

नको.

चौदा महिने मी जे तिच्या बोटांत पेरत होते,
ते उगवलं, तेही आमच्या सर्वांत मोठ्या देणगीदारावर.
"अगं, साहेब आहेत ते," शेवंताबाई म्हणाल्या
तिच्या बंद कानांना.
मी भिंतीकडे तोंड केलं.
हसत होते की रडत होते, विचारू नका.

आमचं ऑफिस सदाशिव पेठेत, चष्म्याच्या दुकानावर.
तिमाही अहवालात एक रकाना असतो:
लाभार्थीची प्रगती.
मी लिहिलं, नाही म्हणाली.
हिशेब बघणारे बिवलकर काका चष्मा वर करून म्हणाले,
"हे असं छापायचं?"
छापा म्हटलं.
"पुढच्या वर्षी पैसे येतील ना गं?"
ते मला कसं माहीत असणार.

चार दिवस तिने सगळ्याला नको म्हटलं.
भाताला, फणीला, पंच्याला, कालव्याला.
मलाही.
शेवंताबाई वैतागल्या, "हेच शिकवायचं होतं होय तुम्हाला?"
हो म्हटलं, हेच.
त्यांनी लसणाचं सूप बाजूला सरकवलं,
माझ्याकडे बराच वेळ बघितलं.
"मला नाही कुणी शिकवलं ते," म्हणाल्या.

पाचव्या दिवशी फळी वाजवली.
कुंदाने मनगट शोधलं,
बक्कल उघडलं,
आणि लावलंच नाही.
घड्याळ मुठीत घेऊन बसली, पट्टा नाकाला लावून.
मी हात खाली नेला: देतेस?
तळवा आडवा झाला.

बरं.

उतरताना सवयीने मनगट बघितलं,
पट्ट्याजागचा गोरा वण तेवढा.
किती वाजले होते, कुणास ठाऊक.
पायऱ्या एकशे नऊच भरल्या.