पहाटेचा हिरवा ठिपका

भाच्यानं, निनादनं, नवा ब्राउझर टाकून दिला.
म्हणाला, मावशी, आता वेगळं कुठं जायला नको,
माणसं कडेलाच बसलेली असतात.

खरंच होती. उजव्या काठाला चेहरे
टिकलीएवढे: बँकेतले, नात्यातले,
एकाच्या जागी नुसतंच गुलाबाचं फूल.
मी आपली विजेचं बिल शोधत होते
आणि सगळे खांद्यावरून बघतायत असं वाटून
पदर सारखा केला.

लोकमान्य नगरात नर्मदा एक दिवसाआड येते,
तीही पहाटे चारला.
मोटर लावून बसले होते
तेवढ्यात एक ठिपका हिरवा झाला.
वैजयंती पुराणिक. मागची गल्ली.
सहा वर्षं बोलणं नाही.
भिशीचे अठराशे रुपये,
आणि त्याहून जास्त,
तिनं ते चारचौघींत दोनदा मोजले होते.

तीही जागी. असणारच. पाइपलाइन एकच.

चौकट उघडली, मिटली.
'कशी आहेस' लिहून खोडलं.
तिकडेही पेन्सिल हलायची, थांबायची.
शेवटी विचारलं,
पाणी आलं का गं तुमच्याकडे?

बराच वेळ काही नाही.
मग उमटलं:
करंगळीएवढं.
तू आधी तुझी मोटर बंद कर.