मिरीचे दाणे

शाहूपुरीत माझं बुकिंगचं दुकान, टपरी म्हणावी एवढंच.
काशी, तिरुपती, अजमेर; उन्हाळ्यात एखादं काश्मीर.
भिंतीवर जगाचा नकाशा, बॅगवाल्यानं फुकट दिलेला.
ओल येऊन त्याचा पॅसिफिक फुगलाय.

दस्तगीर शिकलगार आले ते दुपारी, हात रॉकेलनं धुऊन.
उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर.
फुगलेल्या निळ्यावर नख टेकवलं: "इथं जायचंय."
तिथं काहीच नव्हतं. चष्मा लावला तेव्हा
मिरीचे पाच-सहा दाणे दिसले, कुणी सांडल्यासारखे.

"काय आहे तिथं?"
"एक बुश आहे, ताई. गनमेटलचा. माझ्या हातचा."

चार दलालांच्या हातून फिरत आलेली ऑर्डर,
ड्रॉइंगच्या कोपऱ्यात जहाजाचं नाव,
आणि ते जहाज जातं फक्त तिकडं.
"केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकाबी ढिला न्हाई.
फिरताना कसा वाजतोय, तेवढं ऐकून येतो."

मी शोधायला बसले.
विमानतळ नाही.
आधी इथून रात्रीची गाडी, मग दोन विमानं,
मुक्काम एका बंदराच्या गावात,
तिथून आठवड्याला एकदा सुटणारं ते जहाज, सव्वीस तास.
तिथं तीन दिवस थांबतं आणि परत फिरतं.
म्हणजे राहायचं तर तीन दिवस, नाहीतर दहा.
मधलं काही नाही.
मला हे आवडलं, का ते सांगता येत नाही.
आमच्या स्टँडवर सांगलीची एसटी गेली तर दुसरी लागलेलीच असते.

पहिला आवाज आला बंदरावरून.
परकं बी बेटावर जाऊ नये म्हणून बूट काढायला लावतात,
ब्रशनं तळ घासतात, वर व्हिनेगर मारतात.
"माझ्या बुटात कुठलं आलंय बी. लोखंडाचा कीस निघाला.
त्या पोरीनं चिमट्यात धरून बघितला, ठेवून घेतला."

दुसरा जहाजातून. नुसती घरघर.
चार मिनिटं. मी नोटा मोजत होते, थांबले.
शेवटी त्यांचा श्वास, आणि, "ऐकू आलं?"
मला वेगळं काहीच ऐकू आलं नव्हतं.
"आलं," असं लिहिलं.

मग तुटक तुटक:
मोठ्या बेटावर एकच बस, तिला नंबर नाही,
कारण दुसरी नाही.
धाकट्या बेटाला होडी, वारा हो म्हणेल तेव्हा.
पपया, केळी, आणि हवा आपल्या दिवाळीतल्या पहाटेसारखी.
होडीवाल्याच्या बर्फाच्या मशीनचा पट्टा बसवून दिला.
मग वादळ.
जहाज आलंच नाही. दहाचे सतरा दिवस झाले.
दुकानातलं आधी दूध संपलं, मग अंडी, मग कांदे.
"भडंग वाटलं. डोळ्यातनं पाणी काढलं त्यांनी,
आणि परत मागितलं."

त्या आठवड्यात शमशादभाभी रोज संध्याकाळी यायच्या.
"सुटलं का जहाज?"
मग आम्ही दोघी नकाशाखाली उभ्या.
"ह्या दाण्यावर हैत, का त्या?"
मलाही माहीत नव्हतं.
"पन्हाळ्याला चला म्हटलं की ह्यांचे गुडघे दुखतात,"
म्हणाल्या, आणि पदरानं काच पुसावी तसा
समुद्र पुसला.

एका गुरुवारी ते आले. उन्हानं रापलेले, जरा वाळलेले.
मी चहा सांगितला. विचारलं, "कसा वाजतो तुमचा बुश?"

"माझा न्हवताच तो, ताई.
येताना इंजिनवाल्यानं खाली नेऊन दाखवलं.
मागल्या वर्षीच बदललाय."

"मग ती चार मिनिटं?"

बशीत चहा ओतला, फुंकर मारली.
"ते दुसऱ्या कुणाचं तरी काम.
पण हात चांगला हुता त्याचा. कळतं की."

जाताना नकाशाचा फुगा अंगठ्यानं दाबून बसवला.
ते कोपऱ्यावर वळेपर्यंत
तो परत वर आला.