पिकदाणी धरणारा

उद्या शनिवार, उद्या खेळ.
अंबडहून सेकंड शिफ्ट करून आलोय,
बोटांना अजून कटिंग ऑइलचा वास,
आणि उद्या सहा वाजता तिघं जण सिडकोतल्या या खोलीत
काळझऱ्याच्या गढीचा दरवाजा ठोठावणार.

सरदार तयार आहे.
एका डोळ्याने अधू, तळघरात म्हातारा ड्रॅगन पाळलेला.
त्याच्यावर साडेतीन पानं खर्ची पडलीत.
पण सरदारावर गढी चालते थोडीच?
ड्रॅगनखालची राख कोण उपसतं,
आणि नेऊन टाकतं कुठे?

म्हणून वही उलटी करून मागच्या पानापासून सुरुवात केली.

भागूबाई, मुदपाकखाना.
जीभ कधीच भाजून गेलीय, चव कळत नाही,
रस्सा कसा उकळतोय ते ऐकून मीठ टाकते.
यशवंता मोतद्दार. घोड्यांशी बोलतो, बायकोशी नाही.
जामदारखान्याचा कारकून त्रिंबक:
रोज एक मोहर कमी भरते,
रोज रात्री तो स्वतःची एक मोहर त्यात टाकतो,
आणि आता त्याच्याकडे अकराच उरल्यात.

प्रत्येकाला एक गुपित द्यावं, अशी रीत आहे.
मी प्रत्येकाला एक दुखणं देतो.
गुपित विचारलं की लपतं.
दुखणं जिना चढताना दिसतं.

गोदेला पूर आला की गावात कुणी पाण्याचा आकडा विचारत नाही.
दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, गुडघ्याला की छातीला,
एवढंच विचारतात.
एरवी त्याच्या पायाशी चपला काढून
लोक फोनवर बोलत उभे असतात.
गढीतली ही माणसं मला तशी हवीत.
वर काय बुडतंय ते यांच्या अंगावर मोजता यावं.

हे मला कुठून कळतं, असं मृण्मयीने एकदा विचारलं होतं.
मी म्हटलं, वाचतो.

वाचत नाही.
गंगापूर रोडला एका चेअरमनच्या बंगल्यामागे
पत्र्याच्या खोलीत मी सातवीपर्यंत वाढलो.
वडील गाडीवर. तेवीस वर्षं.
साहेब त्यांना नावाने हाक मारत नसत,
‘गाडी काढ’ म्हणत,
आणि मला बरीच वर्षं वाटायचं
की मोठ्या घरात माणसाचं तेच नाव असतं.

शेवटची ओळ घाईत लिहिली, दोन वाजले होते:
पिकदाणी धरणारा. सरदाराच्या डावीकडे. नाव नको.

शनिवार.
बोरस्तेने दरबारात पाय ठेवल्या ठेवल्या तलवार उपसली,
मृण्मयीने फासा टाकून ती म्यान करायला लावली.
मी साडेतीन पानांचा सरदार पूर्ण आवाजात सुरू केला,
ड्रॅगनची धाप काढायला दुसऱ्या हाताने सायकलचा पंप दाबत.

ओवेस अन्सारी चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता.
मध्येच म्हणाला,
‘त्या पिकदाणीवाल्याचं नाव काय?’

‘त्याला सगळे “इकडे आण” म्हणतात.’

‘ते नाव नाही. मी थांबतो.’

वीस बाजूंचा फासा माझ्या मुठीत होता.
वहीमागे तयार नावांची यादी होती, शंभर नावं,
एक आकडा पडला की झालं.
मूठ उघडली नाही.
‘मुरलीधर,’ मी म्हणालो.

मग काय, तिघंही सरदाराला सोडून त्याच्याच मागे लागले.
परसात गाठलं, सोनं पुढे केलं,
तळघराची किल्ली कुठे, सरदार रात्री कुणाला भेटतो,
तुला तर सगळं माहीत असणार.

उत्तर मला द्यायचं होतं, आणि काहीच लिहिलेलं नव्हतं.
मी पाठ थोडी वाकवली, हात मागे बांधले.
घशातून आला तो आवाज सरावाचा नव्हता.
बंगल्याच्या फाटकाशी, रात्री-बेरात्री आलेल्यांना
झोपेतून उठून सांगितलेला,
पत्र्याच्या भिंतीतून मी तेवढाच ऐकलेला:

‘साहेब झोपलेत. उद्या या.’

साहेब म्हटलं मी.
सरकार म्हणायला हवं होतं.
चूक कुणीच काढली नाही.

ओवेसने सोनं परत खिशात घातलं
आणि आपल्या कागदावर, हत्यारांच्या रकान्यात,
जागा नव्हती तरी,
ते नाव लिहून घेतलं.